सिझेरियनची पूर्वतयारी आणि नंतरचा सव्वा महिना

गोदाकाठ

नमस्कार. माझे हे पहिलेच बाळंतपण असून सध्या ३६वा आठवडा चालू आहे. बाळ पायाळू आहे, आणि गर्भजल थोडे कमी असल्यामुळे पोटावरून हाताने बाळ फिरवण्याचा प्रयत्न माझ्या बाबतीत करता येणार नाही, असे आमच्या डॉक्टरांनी वेळ देऊन समजावले. त्यामुळे सिझेरियन करायचे ठरले आहे. निर्णयाविषयी माझ्या मनात किंतु नाही, मात्र तयारी कशी करावी हे उमजत नाही.

बाळंतपण माहेरी, सांगली जिल्ह्यात होणार आहे. आईने डिंक, खारीक, अळीव, बाळंतशेपा, जुनी मऊ लुगडी, शेगडी असे सगळे जमवून ठेवले असून मालीश करणाऱ्या मावशींशीही बोलणे झाले आहे. परंतु ही सगळी तयारी बाळंतिणीची आहे. त्याच बाईचे त्याच दिवशी पोटाचे मोठे ऑपरेशन झालेले असेल, हे धरून काय वेगळे करावे लागते, ते घरात कोणालाच नीट सांगता येत नाही, कारण आमच्याकडे आजवर सिझेरियन झालेलेच नाही. शिवाय सासऱ्यांनी पंचांग पाहून ३८व्या आठवड्यातला एक दिवस सुचवला आहे, त्यांना काय सांगावे? आणि त्या दिवशी ऑपरेशन थिएटरमध्ये नेमके काय होते, हे आधीच कळले तर माझी भीती बरीच कमी होईल. अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

वैद्यकी

मी प्रसूतितज्ज्ञ आहे. आपल्या डॉक्टरांचा शब्द अंतिम समजावा, कारण त्यांनी आपल्याला तपासले आहे. मी सर्वसाधारण माहिती देते.

आधी मुहूर्ताविषयी. आईला किंवा बाळाला धोका असेल तर सिझेरियन कोणत्याही आठवड्यात करावे लागते. परंतु तसे काही कारण नसेल, तर ठरवून करायच्या सिझेरियनसाठी ३९ आठवडे पूर्ण होऊ देतात. पोटात असताना बाळाच्या फुप्फुसांत द्रव असतो आणि तो शोषला जाण्याची क्रिया शेवटच्या दिवसांत व कळांच्या काळात वेग घेते. ३७व्या-३८व्या आठवड्यात कळांवाचून बाहेर आलेल्या बाळाला धाप लागण्याची शक्यता त्यामुळे जास्त असते, आणि अशा बाळाला काही दिवस अतिदक्षता विभागात, आईपासून दूर, ठेवण्याची वेळ येऊ शकते. सासऱ्यांना हे याच शब्दांत सांगा, आणि ३९ आठवड्यांनंतरचे डॉक्टरांना सोयीचे दोन-तीन दिवस त्यांच्यापुढे ठेवून त्यांतला एक निवडायला सांगा. वडीलधाऱ्यांचा मान राहतो आणि बाळही पूर्ण दिवसांचे होते. मात्र त्याआधीच कळा सुरू झाल्या किंवा पाणी गेले, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता ताबडतोब रुग्णालय गाठायचे. मूल पायाळू असताना पाणी गेले तर नाळ खाली सरकण्याचा धोका असतो, म्हणून हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवे.

आता आपले हिमोग्लोबिन. गरोदरपणात ते ११च्या खाली असेल तर पंडुरोग समजतात. सिझेरियनमध्ये योनिमार्गाने होणाऱ्या प्रसूतीपेक्षा रक्त जास्त जाते, आणि मुळातच रक्त कमी असलेल्या बाईला त्यातून सावरायला फार वेळ लागतो. हाताशी तीन आठवडेच असल्यामुळे गोळ्या पुरतील की शिरेतून लोह द्यावे लागेल, हे आजच विचारून घ्या. लोहाची गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये. दोन्हींमध्ये किमान दोन तास ठेवावेत. रक्तगट कागदावर लिहून ठेवा, आणि गरज पडल्यास रक्त कोणत्या रक्तपेढीतून येईल तेही आधी विचारा.

ऑपरेशनच्या आधी ६ तास जेवण बंद असते. साधे पाणी साधारणपणे २ तास आधीपर्यंत चालते, पण आपल्या रुग्णालयाचा नियम पाळावा. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, नथ हे सारे घरीच काढून ठेवावे, कारण रक्तस्राव थांबवण्यासाठी विजेचे उपकरण वापरतात आणि अंगावरच्या धातूमुळे भाजण्याचा धोका असतो. शिवाय हातांना सूज आली की बांगड्या निघत नाहीत. नखांचे रंगही काढावेत. घरी वस्तऱ्याने केस काढू नयेत, त्याने त्वचेवर बारीक जखमा होतात आणि पू होण्याची शक्यता वाढते. लागले तर रुग्णालयात यंत्राने केस कापतात.

थिएटरमध्ये नेल्यावर सलाईन लावतात, छेद घेण्यापूर्वी प्रतिजैविकाचे इंजेक्शन देतात, आणि पाठीच्या कण्यात भूल देतात. काही मिनिटांत कमरेखालचे अंग जड व बधिर होते. त्यानंतर लघवीची नळी घालतात, तिची वेदना त्यामुळे जाणवत नाही. आपण जाग्या असाल. दुखणार नाही, परंतु आत ओढल्यासारखे, दाबल्यासारखे जाणवेल, आणि बाळ काढताना वरच्या बाजूने पोटावर चांगलाच दाब दिला जाईल. हे आधी कोणी सांगितले नसेल तर बायका घाबरतात, आणि ते स्वाभाविक आहे. हुडहुडी भरणे, मळमळणे हेही नेहमीचे आहे. लगेच सांगावे, त्यावर औषध असते. टाका ओटीपोटावर, खाली, आडवा असतो. पोटाचे स्नायू बहुधा कापत नाहीत, मधोमध बाजूला सारतात, आणि मग गर्भाशयाला छेद घेतात. बाळ पहिल्या ५ ते १० मिनिटांतच बाहेर येते. उरलेला अर्धा-पाऊण तास थर शिवण्यात जातो.

दोन गोष्टी डॉक्टरांना आधीच विचाराव्यात: बाळ व्यवस्थित रडत असेल तर नाळ किमान एक मिनिट थांबून बांधता येईल का, आणि बाळ तिथेच आपल्या छातीवर देता येईल का. पुष्कळ ठिकाणी हे केले जाते, पण आपण बोलल्याशिवाय होईलच असे नाही.

उत्तरायण

वरच्या प्रतिसादाला पूरक लिहितो. मी भूलतज्ज्ञ आहे आणि एकच गैरसमज दूर व्हावा अशी मनापासून इच्छा आहे. "पाठीत इंजेक्शन दिले म्हणून जन्माची कंबर धरली" असे घरोघरी ऐकू येते. प्रसूतीनंतरची कंबरदुखी भूल घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या स्त्रियांमध्ये आढळते. गरोदरपणात सैलावलेले सांधे, ताणलेले पोटाचे स्नायू आणि वाकून तासन्‌तास दूध पाजणे ही तिची खरी कारणे आहेत. सुई टोचली त्या जागी काही दिवस ठणकते, तेवढेच.

डोकेदुखीची तक्रार मात्र खरी असू शकते. बसल्यावर किंवा उभे राहिल्यावर वाढणारी आणि आडवे होताच कमी होणारी तीव्र डोकेदुखी पहिल्या काही दिवसांत झाली, तर भूलतज्ज्ञांना कळवावे. तिच्यावर उपचार आहेत. अलीकडच्या बारीक सुयांमुळे ती बरीच कमी झाली आहे. आधी कधी भूल घेतलेली असेल, एखाद्या औषधाची ॲलर्जी असेल, रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, दात हलत असतील, तर ते तपासणीच्या वेळी न विसरता सांगावे. ऑपरेशननंतर उशी घेऊ नये, पाणी पिऊ नये, अशा ज्या सूचना नातेवाईक देतात त्यांना आधार नाही. पाणी कधी सुरू करायचे ते रुग्णालयातून सांगतील, आणि बहुतेकदा ते काही तासांतच असते.

सोनटक्का

माझे सिझेरियन अमरावतीला, कळा सुरू झाल्यानंतर बाळाचे ठोके मंदावल्यामुळे तातडीने झाले. त्यामुळे तयारीला वेळच मिळाला नव्हता. आपल्याला तो आहे, म्हणून पहिल्या दोन दिवसांविषयी बारकाईने लिहिते, कारण त्याविषयी कोणीच बोलत नाही.

भूल उतरली की दुखणे एकदम जाणवते. वेदना सहन करण्यात काही पुण्य नाही. पॅरासिटामॉलसारखी गोळी ठरलेल्या वेळीच मागून घ्यावी. दुखणे वाढल्यावर घेतली तर आटोक्यात यायला वेळ लागतो. "दुधातून बाळाला जाईल" म्हणून माझ्या मावशीने गोळ्या बाजूला ठेवल्या होत्या. बाळंतिणीला डॉक्टर जी नेहमीची वेदनाशामके देतात ती अंगावर पाजताना चालतात, हे सिस्टरांनी तिला समजावले तेव्हा कुठे गोळ्या परत मिळाल्या.

पहिल्यांदा उठवतात ते साधारण पहिल्या २४ तासांच्या आत. तेव्हा उताणे असताना सरळ उठून बसायचा प्रयत्न करू नका. गुडघे वाकवायचे, अख्खे अंग एका कुशीवर वळवायचे, पाय पलंगाखाली सोडायचे आणि हाताने रेटा देऊन उठायचे. थोडा वेळ तसेच बसायचे, चक्कर येत नाही ना ते पाहायचे, मग कोणाला तरी धरून उभे राहायचे. अंगावरून त्या वेळी एकदम रक्त जाते, त्याला घाबरू नका. खोकला, शिंक किंवा हसू आले तर लहान उशी टाक्यावर घट्ट दाबून धरायची. ही उशी रुग्णालयाच्या पिशवीत सर्वांत वर असू द्या.

आणखी एक म्हणजे पोटातला वारा. माझ्या मते टाक्यापेक्षा तोच जास्त छळतो, आणि कधी कधी त्याची कळ थेट खांद्यापर्यंत जाते. चालणे हा त्यावरचा खरा उपाय. पहिल्या शौचाची भीती वाटते, पण टाके त्याने उसवत नाहीत. डॉक्टर शौच मऊ होण्याचे औषध देतात, ते नाकारू नये.

दूध उतरायला सिझेरियननंतर थोडा उशीर होऊ शकतो. पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक. तो चमचाभरच दिसतो आणि नवजात बाळाचे पोटही तेवढेच असते. "दूध नाही, वरचे सुरू करा" असा घोष लगेच सुरू होतो. त्या वेळी बाळाला पुन्हा पुन्हा अंगाशी लावणारी आणि सिस्टरांना बोलावून बाळ स्तन नीट धरते आहे का हे तपासून घेणारी एक व्यक्ती सोबत हवी. टाक्यावर बाळाचा भार नको म्हणून कुशीवर निजून पाजावे, किंवा बाळाचे पाय आपल्या काखेखालून मागे जातील असे त्याला बगलेत धरावे. ही पद्धत आताच बाहुली किंवा उशी घेऊन करून पाहा.

कृष्णाकाठची_आजी

बाळ गोदाकाठ, तुझी आई माझ्या वयाची असेल, म्हणून तिच्यासाठी लिहिते. मी दोन सुनांची आणि एका लेकीची बाळंतपणे केली, त्यांतली दोन सिझेरियनची होती. आपल्या पद्धतींतले बरेचसे तसेच ठेवता येते. जे बदलायचे ते बदलताना आईला वाईट वाटू देऊ नकोस.

अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, नाचणी, शेपूची आणि मेथीची भाजी, मुगाची खिचडी, वरून बाळंतशेपा हे सारे उत्तम आहे. अळिवात लोह भरपूर असते. फक्त पहिले दोन-तीन दिवस, पोट सुरू होईपर्यंत, हलके पातळ अन्न द्यावे आणि लाडू नंतर सुरू करावेत. तुपाचा मारा करू नये, कारण ऑपरेशनची बाई पडून असते आणि तिला ते पचत नाही. जुन्या काळी बाळंतिणीला पाणी मोजून द्यायचे आणि भाज्या-फळे वर्ज्य करायचे. पाणी कमी पडले की दूध आणि पोट साफ होणे या दोन्हींवर परिणाम होतो, त्यामुळे ही रीत मी माझ्या घरात मोडली. डाळी, उसळी, अंडी, दूध, खात असतील त्यांना मासे हे जखम भरून येण्यासाठी लागतेच.

शेगडीचे मात्र ऐक. दारे-खिडक्या लावून बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवणे धोक्याचे आहे, कारण कोळशातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपेत कळत नाही. धुरीही बाळाच्या छातीला बाधते. उबेसाठी गरम कपडे आणि कोमट पाणी पुरते. टाक्याच्या आसपासची कातडी कित्येक महिने बधिर असते, त्यामुळे गरम पाण्याची पिशवी तिथे लावली तर भाजलेले समजत नाही. मालीशवाल्या मावशींना यायला सांगा, पण पाठ, पाय, हात, डोके एवढेच. पोटाला हात लावायचा नाही, आणि टाक्यावर तेल, हळद, राख काहीही नाही.

पाचवी पुजा, सटवाईची पूजा करा, पण बाळंतिणीला पाटावर बसवू नका. बारसे बाराव्या दिवशीच हवे असा आमच्याकडेही आग्रह होता. त्या दिवशी नाव कानात सांगून घरच्या घरी पाळणा हलवावा आणि पै-पाहुण्यांचे बारसे सव्वा महिन्यानंतर करावे. कोणाचे काही बिघडले नाही.

गोदाकाठ

आजी, आपला प्रतिसाद मी आईला मोठ्याने वाचून दाखवला. शेगडी माळ्यावर गेली आहे. वैद्यकीताई, ३९ आठवड्यांनंतरच्या दिवसांचा पर्याय सासऱ्यांनी लगेच मान्य केला.

दोन अडचणी राहिल्या. माहेरचे घर जुने आहे, संडास भारतीय पद्धतीचा असून अंगण ओलांडून तीन पायऱ्या चढाव्या लागतात, आणि झोपायची पद्धत जमिनीवर गादी घालून. दुसरे म्हणजे, पोट बांधावे की नाही? याविषयी घरात दोन तट पडले आहेत.

हालचाल

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पलंग हवाच. जमिनीवरून उठताना पोटाच्या स्नायूंवर जो ताण येतो तो पहिल्या दोन-तीन आठवड्यांत टाळण्यासारखा आहे. पलंग नसेल तर कोणाकडून तरी महिन्या-दोन महिन्यांसाठी आणावा, आणि त्याची उंची अशी असावी की बसल्यावर तळपाय जमिनीला टेकतील. बाळाचे कपडे, लंगोट, पाण्याचा तांब्या कमरेच्या उंचीवर मांडून ठेवावेत, म्हणजे वाकावे लागणार नाही. कमोडची घडीची खुर्ची वैद्यकीय साहित्याच्या दुकानात विकत किंवा भाड्याने मिळते. ती खोलीजवळच्या न्हाणीघरात ठेवल्यास अंगणाचा प्रश्न मिटतो. पायऱ्या चढायला हरकत नाही. हळू, कठडा धरून, आणि दिवसभराच्या फेऱ्या कमी करून.

पोट बांधण्याविषयी दोन्ही तटांना थोडे थोडे खरे गवसले आहे. रुंद पट्ट्याने आधार मिळतो, उठताना आणि चालताना दुखणे कमी जाणवते. परंतु पट्ट्याने पोट आत जात नाही, आणि आवळून बांधल्यास ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर दाब पडतो. श्वास मोकळा घेता येईल इतपत सैल, चालतानाच, आणि झोपताना काढून ठेवावा. टाक्याला घाम आला किंवा लाली दिसली तर पट्टा बंद.

पलंगावर असल्यापासूनच पावले वर-खाली हलवावीत. बाळंतपणानंतर आणि त्यातही ऑपरेशननंतर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो, म्हणून सव्वा महिना पूर्ण विश्रांती म्हणजे पलंगावर पडून राहणे नव्हे. खोल श्वास, हळूहळू वाढवत नेलेले चालणे, आणि लघवीची नळी काढल्यानंतर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आकसून सोडण्याचा व्यायाम एवढे सुरुवातीला पुरे. ६ आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नये, म्हणजे पाण्याची कळशी नाही, ओल्या कपड्यांची बादली नाही आणि घरात दुसरे मूल असेल तर त्याला बसून मांडीवर घ्यायचे. उठाबशा, पोटाचे व्यायाम, धावणे हे डॉक्टरांच्या ६ आठवड्यांच्या तपासणीनंतरच. कपड्यांविषयीही एक सांगते: परकराची किंवा सलवारीची नाडी टाक्यावर येऊ नये, पहिले काही आठवडे सैल गाऊन बरा.

सह्यकडा

एक नवरा म्हणून लिहितो. या धाग्यावर पुरुषांची उपस्थिती कमी आहे, म्हणून गोदाकाठ यांनी हे आपल्या यजमानांना दाखवावे.

माहेरी बाळंतपण म्हटले की आपले काम रुग्णालयाचे बिल आणि पेढे एवढेच, असे आपल्याकडे धरून चालतात. सिझेरियनच्या बाबतीत ते चालत नाही. रात्री बाळ रडले की कोणीतरी उठून ते आईच्या कुशीत आणून द्यावे लागते, पाजून झाले की ढेकर काढून, लंगोट बदलून परत निजवावे लागते. सासूबाई दिवसभर राबलेल्या असतात. पहिला पंधरवडा मी सासुरवाडीला राहून रात्रीचे हे काम माझ्याकडे घेतले. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना पितृत्व रजा १५ दिवसांची मिळते. खाजगी नोकरीत तशी हक्काची तरतूद नाही, त्यामुळे माझ्याप्रमाणे आपली साठवलेली रजा त्यासाठी राखून ठेवावी. पत्नी नोकरीत असेल तर २०१७ पासूनच्या कायदेशीर तरतुदीनुसार पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे पगारी रजा आहे, आणि त्यांतले जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीच्या आधी घेता येतात. मूल सांभाळायचे आहे ते नंतर, म्हणून प्रकृती साथ देत असेल तर बहुतेक रजा पुढे ढकलावी.

पाहुण्यांचे काम मी केले. भेटायला येणाऱ्यांना फोनवरच पहिला महिना न येण्याची विनंती केली. हे काम बाळंतिणीवर किंवा तिच्या आईवर टाकू नये, त्यांना नाही म्हणणे अवघड जाते.

रानजाई

मी नंदुरबार जिल्ह्यात आशा गटप्रवर्तक आहे. सगळ्यांनाच खाजगी रुग्णालय परवडत नाही, म्हणून लिहिते. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली, २०११ पासून, सिझेरियन पूर्णपणे विनामूल्य आहे. औषधे, तपासण्या, लागले तर रक्त, रुग्णालयातला ७ दिवसांपर्यंतचा आहार आणि घरी परत सोडणारे वाहन हे सगळे त्यात येते. गाडीसाठी १०२ आणि तातडीला १०८. कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

सिझेरियन झालेल्या मातेच्या घरी आशाताईच्या भेटी ७व्या, १४व्या, २१व्या, २८व्या आणि ४२व्या दिवशी ठरलेल्या असतात. माहेरी गेलेल्या मुलीचे नाव तिथल्या आशाताईकडे नसते, त्यामुळे गावात पोचताच तिला कळवावे. प्रसूतीनंतर १८० दिवस लोहाची गोळी रोज घ्यायची असते, ती बहुतेक जणी महिन्यात सोडून देतात.

पुढील गोष्टी आम्ही घरातल्या माणसांना तोंडपाठ करून घेतो. एका तासात पूर्ण पॅड भिजणे किंवा मोठ्या गाठी पडणे. १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप. अंगावरून जाणाऱ्याला घाण वास. टाका लाल, गरम, सुजलेला किंवा त्यातून पू. एकाच पोटरीला सूज व दुखणे. दम लागणे किंवा छातीत दुखणे. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटका. लघवी न होणे. यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहायची नाही, रात्रीच निघायचे. रक्तदाब प्रसूतीनंतरही वाढू शकतो, हे पुष्कळांना माहीत नसते.

टेंभा

चर्चा उपयुक्त आहे, तरी एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. आजकाल प्रत्येक दुसऱ्या घरात सिझेरियनच का होते? आमच्या आई-आज्यांची बाळंतपणे घरी झाली. रुग्णालये यात पैसा पाहतात, हेही बोलले पाहिजे.

वैद्यकी

बोलले पाहिजेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या २१.५ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्याचे नोंदले गेले. सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण १४.३ टक्के आणि खाजगीत ४७.४ टक्के होते. महाराष्ट्राचा आकडा २५.४ टक्के. गुंतागुंतीच्या केसेस खाजगीकडे येतात एवढ्याने ही दरी समजत नाही, आणि माझ्या व्यवसायाने तिचे उत्तर द्यायला हवे. लोकसंख्येच्या पातळीवर १० टक्क्यांच्या वर गेल्याने माता-बालमृत्यू आणखी कमी होत नाहीत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये म्हटले आहे.

परंतु आई-आज्यांच्या काळात किती जणी आणि किती बाळे त्या खोलीतून परत आली नाहीत, तेही त्याच घरांतल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. सरासरीच्या आकड्याने एका बाईचा निर्णय होत नाही. तिने "कारण काय, थांबलो तर काय होईल, दुसरा मार्ग आहे का" हे तीन प्रश्न विचारावेत आणि डॉक्टरांनी उत्तरे द्यावीत. गोदाकाठ यांनी ते विचारले आहेत आणि त्यांना उत्तरेही मिळाली आहेत, त्यामुळे हा वाद त्यांच्या धाग्यावर लांबवू नये, अशी माझी विनंती आहे.

अबोली

वरच्या वादावरून एक लिहावेसे वाटले. मला सव्वा महिन्यात सर्वांत जास्त दुखावले ते "कळा न सोसता मोकळी झालीस, सुटलीस" या वाक्याने. बोलणाऱ्यांच्या मनात वाईट नव्हते. परंतु पोटाचे थर शिवलेले असताना, रात्र रात्र जागून बाळाला पाजत असताना, आपण आई होण्यात कुठे तरी कमी पडलो, असे त्या वाक्याने वाटू लागते. सिझेरियन हेही बाळंतपणच आहे, आणि ते सोसावेच लागते.

पहिल्या आठवड्यात उगाच रडू येणे पुष्कळ जणींना होते आणि सहसा दोन आठवड्यांत ओसरते. त्यापुढेही उदासी राहिली, बाळाविषयी काहीच वाटेनासे झाले, बाळ झोपलेले असतानाही झोप येईना, किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार येऊ लागले, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. मनात असे विचार आले तर एकटे राहू नये आणि लगेच डॉक्टरांकडे जावे. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. माझ्या बहिणीने माझ्यासाठी तो फोन लावला होता. आपल्या आईला आणि यजमानांना ही लक्षणे आताच सांगून ठेवा, कारण त्या अवस्थेतल्या बाईला स्वतःहून मदत मागणे जमत नाही.

गोदाकाठ

अबोली, मनापासून लिहिलेत, आभारी आहे. यजमानांनी धागा पूर्ण वाचला, आणि आता पलंग, कमोडची खुर्ची व लहान उशी यांची जबाबदारी त्यांनी घेतली आहे. एक शेवटचा प्रश्न वैद्यकीताईंना. "एकदा सिझेरियन म्हणजे नेहमीच सिझेरियन" असे सगळे म्हणतात, ते खरे का? आणि पुढच्या बाळाचा विचार किती काळाने करावा?

वैद्यकी

नेहमीच नाही. गर्भाशयावरचा छेद खालच्या भागात आडवा असेल, आधीचे कारण पुन्हा उद्भवलेले नसेल, आणि तातडीने सिझेरियन करण्याची सोय असलेल्या रुग्णालयात प्रसूती होत असेल, तर पुढच्या वेळी योनिमार्गाने प्रसूतीचा प्रयत्न करता येतो. असा प्रयत्न करणाऱ्या चारपैकी साधारण तीन जणींची प्रसूती तशी होते. जुना व्रण उसवण्याचा धोका दोनशे जणींत सुमारे एक इतका असतो. तो कमी असला तरी गंभीर असतो, म्हणूनच रुग्णालयाची अट महत्त्वाची. मूल पायाळू असणे हे पुढच्या वेळी पुन्हा येईलच असे कारण नाही, त्यामुळे आपल्या बाबतीत हा मार्ग खुला राहण्याची शक्यता चांगली आहे. प्रत्येक सिझेरियनगणिक वार (प्लॅसेंटा) जुन्या व्रणात रुतून बसण्याचा धोका वाढत जातो, म्हणून हा विचार करण्यासारखा आहे.

पुन्हा दिवस राहण्यापूर्वी दोन वर्षे जाऊ द्यावीत. अंगावर पाजत असताना दिवस राहत नाहीत यावर विसंबू नये. हवी असल्यास तांबी सिझेरियनच्या वेळीच, वार काढल्यानंतर, बसवता येते. मात्र त्यासाठी आपली संमती आधी, थिएटरबाहेर, शांतपणे घेतलेली असावी. आत्ता नको असेल तर ६ आठवड्यांच्या तपासणीत गर्भनिरोधनाविषयी बोलावे.

घरी सोडताना डिस्चार्ज कार्ड नीट वाचून घ्या. सिझेरियनचे कारण, गर्भाशयावरचा छेद आडवा की उभा, रक्त किती गेले, रक्त चढवले का, भूल कोणती दिली आणि तिचा काही त्रास झाला का, हे त्यावर लिहिलेले असावे. काही राहिले असेल तर तिथेच लिहून मागा. पुढचे बाळंतपण दुसऱ्या गावी, दुसऱ्या डॉक्टरांकडे झाले तर त्यांना याच कागदावरून निर्णय घ्यावा लागेल, म्हणून त्याची एक प्रत माहेरी ठेवा, एक सासरी ठेवा आणि फोनमध्ये छायाचित्रही काढून ठेवा.